नळीतून उजेड दिसेपर्यंत

बाबा गेले ते २ सप्टेंबर २०२४ ला, सोमवारी. गणपती पाच दिवसांवर आले होते. सुतक असल्यामुळे त्या वर्षी आमची माटवी (गणपतीवर टांगायची लाकडी चौकट) रिकामीच राहिली. बाराव्याला पोलीस पाटील भेटायला आले आणि चहा घेता घेता हळूच म्हणाले, "बाय, बंदुकीचा काय?"

खरं सांगायचं तर बंदूक मी साफ विसरले होते. आमचं गाव तळकोकणात. थोडी कलमं आहेत, माड, पोफळी, केळी आहेत, खाली मळ्यात भात होतं. केलडी (माकडं) आणि डुकरं यांच्यापायी इथे घरटी नाही तरी वाडीत दोन-चार शेतीसंरक्षणाच्या बंदुका असतातच. आमच्याकडे बारा बोअरची एकनळी आहे, मुंगेरची बनावट. बाबांनी ती ऐंशीच्या दशकात घेतली होती. पहाटे खळ्यात उभं राहून एक बार काढायचा, की केलडी दोन दिवस दुसऱ्याच्या बागेत! त्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. डुक्कर मारायचं असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आणि बाबा त्या फंदात कधी पडले नाहीत.

माझं वय सेहेचाळीस. शाळेत शिकवते. बंदुकीला मी कधी हात लावला नव्हता, कारण लहानपणी हात लावायची मनाईच होती. आता परवाना माझ्या नावावर झाला आहे आणि तिची साफसफाईही मीच करते. मधल्या नऊ-दहा महिन्यांत मला जे कोणी आधी सांगायला हवं होतं, ते इथे लिहून ठेवतेय. आमच्या भागात वडिलांच्या मागे बंदूक घरात पडून असलेली बरीच माणसं आहेत, आणि बहुतेक जण घाबरून काहीच करत नाहीत.

पहिली गोष्ट: परवानाधारक वारला की त्याचा परवाना संपतो. बंदूक घरातच पडून राहिली तर ती वारसाच्या ताब्यात विनापरवाना आहे असं होतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, तोवर ठाणं बंदोबस्तात. आदल्या दिवशी फोन करून ठेवला आणि १८ तारखेला पोलीस पाटलांना सोबत घेऊन गेले. बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री त्यांनीच करून घेतली होती, माझी तिला हात लावायची छाती नव्हती. सोबत मृत्यू दाखला, बाबांचा मूळ परवाना आणि पत्र्याच्या डब्यातली नऊ काडतुसं.

जमा पावती मिळाली. तिच्यावर बंदुकीचा नंबर, बनावट आणि काडतुसांची संख्या होती. बंदुकीची अवस्था काय, याबद्दल एक शब्द नव्हता. तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही. तुम्ही मात्र जमा करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, आणि 'नळी स्वच्छ, गंज नाही' एवढी ओळ पावतीवर लिहून देता का, ते नम्रपणे विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जमा करायच्या आदल्या दिवशी तिला तेलाचा हात नीट मारून घ्या. मी मारला नाही. बाबांनी शेवटचा मारला असेल तो ऑगस्टमध्ये.

दसऱ्याची साफसफाई करताना माळ्यावर जुन्या पंचांगांखाली बिस्किटांचा डबा सापडला. आत आणखी तीन काडतुसं. जुन्या कागदी कवचाची, दमटपणाने फुगलेली, पितळेवर हिरवट पूड चढलेली. माझे हातपाय गार पडले. आई म्हणाली, "टाक विहिरीत, कोणाला कळतंय." अजिबात टाकू नका. विहिरीत नको, चुलीत नको, आणि आत काय आहे ते बघायला कापायचंही नाही. ठाण्यात फोन केला, जमा पावतीचा क्रमांक सांगितला, दोन ओळींचा अर्ज घेऊन गेले आणि देऊन आले. हवालदारांनी फक्त एवढंच विचारलं, "आणखी कुठे ठेवली नाहीत ना बाबांनी?" घरी येऊन मी आणि आईने तांदळाच्या कणगीपर्यंत सगळं पालथं घातलं.

वारसाने परवाना मागायची तरतूद शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ मध्ये आहे. तिथेच आणखी एक गोष्ट आहे, जी बाबांना माहीत असती तर बरं झालं असतं. परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. घरात म्हातारे परवानाधारक असतील तर हे आजच बोला.

अर्ज ऑनलाइन भरायचा, फॉर्म ए-१, आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायची. सोबत सातबारा, आठ-अ, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आई आणि डोंबिवलीचा दादा यांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं, फोटो, आधार आणि वैद्यकीय प्रमाणपत्र. दादाचं प्रतिज्ञापत्र तिकडून कुरिअरने आलं, त्यात बंदुकीचा एक आकडा चुकला होता, म्हणून परत गेलं आणि परत आलं. त्यात अकरा दिवस गेले. प्रतिज्ञापत्रात बंदुकीचा नंबर परवान्यावरून बघून लिहा, आठवणीतून नको. टायपिंग, नोटरी आणि स्टँप मिळून प्रत्येकी साडेचारशे पडले. शुल्काचं चलन ऑनलाइन भरलं.

१० ऑक्टोबरला अर्ज दिला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली! लोकांच्या घरातल्या बंदुका ठाण्यात जमा व्हायला लागल्या, माझी आधीच तिथे होती. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. तोवर माझी फाइल जागची हलली नाही, आणि यात कोणाला दोष देण्यासारखं काही नाही.

डिसेंबरात पोलीस चौकशीला आले. एक पोलीस शिपाई, तरुण मुलगी. तिचा पहिलाच प्रश्न होता, बंदूक ठेवणार कुठे. मी बाबांची जागा दाखवली, माजघरातली खुंटी. ती हसली नाही. "ताई, घरात मुलं आहेत ना? खुंटी चालणार नाही." खरं होतं ते. माझा मुलगा नऊ वर्षांचा, सुट्टीत दादाची दोन येतात. तिने सांगितलं तसं कुडाळकडच्या बाजारातून लोखंडी उभं कपाट आणलं, ९,२०० रुपये, आणि मिस्त्रीकडून भिंतीला बोल्टने पक्कं करून घेतलं, ४०० रुपये. काडतुसांसाठी वेगळी कुलपाची पेटी, वेगळ्या खोलीत. दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या, आणि मुलाला माहीत नसलेल्या जागी. (ही जागा शोधायला कपाटापेक्षा जास्त वेळ लागला. घरात मुलाला माहीत नसलेली जागा म्हणून उरत नाही.)

तलाठ्यांचा अहवाल, तहसीलदारांचा अहवाल, मग फेब्रुवारीत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण. वर्गात मी एकटी बाई. दोन गोष्टी शिकवणाऱ्या निवृत्त जमादारांनी इतक्या वेळा घोकून घेतल्या की अजून झोपेत सांगेन. बंदूक हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं, कोणी 'रिकामी आहे' म्हणून दिली तरी स्वतः उघडून बघायचं. आणि बोट चापावर जायचंच नाही, ते चापाभोवतीच्या कड्याच्या बाहेर, लाकडावर सरळ. पहिला बार काढला तेव्हा खांद्याला चार दिवस निळा डाग होता.

मार्चमध्ये वरच्या साहेबांसमोर बोलावणं आलं. "तुम्ही चालवणार का खरंच?" "केलडी बघून ठरवेन, साहेब." २१ मे २०२५ ला आदेश निघाला. परवाना पाच वर्षांचा. तो हातात आल्यावर आधी दोन ओळी वाचा: कुठल्या हद्दीत बंदूक नेता येईल, आणि एका वेळी व वर्षाला किती काडतुसं. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर हद्द आखडती असू शकते. आमच्यावर जिल्ह्याचीच आहे.

आदेश निघून चार दिवस झाले नाहीत तो पाऊस आला. त्या वर्षी २५ मे लाच मान्सून कोकणात उतरला, आठवत असेल. शेणी भिजल्या, सुकवलेली कोकमं भिजली, आणि मी भर पावसात ९ जूनला बंदूक आणायला गेले.

ठाण्याच्या कोठीतून ती बाहेर आली तेव्हा मी ओळखली नाही. नळीवर तांबूस पूड बसलेली, बोट फिरवलं की बोट तांबडं. दस्त्यावर बुरशीचे पांढरे चट्टे. नळीच्या टोकावरची, नेम धरायची पितळेची माशी काळी पडलेली. पावतीवर अवस्था लिहिलेली नव्हती, मग बोलणार काय? उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, मी सही केली, चादरीत गुंडाळून भावोजींच्या गाडीतून घरी आणली.

संध्याकाळी पडवीत चटई घातली. मुलाला आईबरोबर शेजारी पाठवलं. काडतुसं घरात नव्हतीच. खटका सरकवला, नळी पुढे झुकली, मागून आत बघितलं. काडतूस बसतं ती जागा रिकामी. नळीत बघितलं. काळोख. पुढचं टोक उजेडाकडे धरलं तरी काळोखच.

आमच्या वाडीत एक निवृत्त फौजी आहेत, सगळे त्यांना फौजीकाका म्हणतात. त्यांना फोन केला. छत्री घेऊन आले, पडवीच्या पायरीवर बसले आणि शेवटपर्यंत बंदुकीला हात लावला नाही. "परवानो तुझ्या नावार हा. हात तुझोच व्हयो," म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी तोंडाने सांगितलं आणि मी केलं.

आधी पुढचा लाकडी भाग ओढून काढायचा. मग नळी बिजागरीतून उचलून वेगळी करायची. आता चटईवर तीन तुकडे: नळी, दस्ता-चापाचा भाग, आणि ते लाकूड. सुटी नळी म्हणजे पाइपच, तिच्याने बार होत नाही. हे कळल्यावर माझा श्वास जरा खाली बसला. साफसफाई नेहमी अशीच करायची, तीन तुकडे करून. नळी जागेवर ठेवून साफ करणारे लोक मी नंतर पाहिले, मला ते बघवत नाही.

टॉर्च लावली. तोंडापासून वीतभर आत काहीतरी मातकट होतं. बाबांचा लाकडी गज माळ्यावर होता. मागच्या बाजूने घातला आणि हळू ढकलला. आधी काही हललं नाही, मग कच्चं मडकं मोडावं तसा आवाज झाला आणि चटईवर मातीचे गोळे पडले. एक, दोन, पाच. सुपारीएवढे, आतून पोकळ. एकातून वाळलेले बारीक कोळी सांडले, आठ-नऊ असतील, पाय आवळलेले. एकात तपकिरी कागदासारखं रिकामं कोष.

"कुंभारीण," फौजीकाका म्हणाले.

कुंभारीण माशीने बाबांच्या बंदुकीत घर बांधलं होतं. कोठीच्या खिडकीजवळ ठेवली असेल, तोंड वर, निवांत जागा. त्या घराची पोरंही मोठी होऊन उडून गेली होती. ऐकायला गोड आहे, पण नळीत अडथळा असताना बार काढला तर दाब अडतो आणि नळी फुगते नाहीतर फाटते. डावा हात नेमका तिथेच, नळीखाली असतो. त्या रात्री केलडी आली असती आणि काडतुसं घरात असती, तर मी मागून 'रिकामी आहे' एवढं बघून काडतूस घातलं असतं. मला तोवर नळीतून आरपार बघायचं असतं हे माहीतच नव्हतं.

मग साहित्य. जिल्ह्यातल्या परवानाधारक दुकानातून बारा बोअरचा साफसफाईचा संच घेतला, १,३५० रुपये: तीन तुकड्यांचा गज, ब्राँझचा ब्रश, लोकरी बोंडा, चिंध्या अडकवायचं टोक. नळी धुवायच्या द्रावणाची बाटली, ४२०. बाकी घरचं. चिंध्यांसाठी बाबांचा जुना पंचा फाडला. सुती, मऊ, सूत न सुटणारा कपडा लागतो. आईने पंचा पुढे केला आणि आत निघून गेली.

पद्धत अशी. पडवीत किंवा खिडकी उघडी ठेवून बसायचं, चूल, गॅस, उदबत्ती जवळ नको, कारण द्रावण पेट घेतं. हातात मोजे. गज मागच्या बाजूने घालून पुढे काढायचा. उलट केलं तर सगळी घाण चापाच्या यंत्रणेकडे येते आणि तोंडाची कड घासते, आणि छर्रे कसे पडतात ते त्या कडेवर असतं. द्रावणात भिजवलेली चिंधी एकदा आरपार, मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग ब्रश, तोही पूर्ण बाहेर निघेपर्यंत, मध्ये उलटा फिरवायचा नाही. मग कोरड्या चिंध्या. माझी पहिली काळी आली, दुसरी विटकरी, पुढच्या पाच-सहा चहाच्या रंगाच्या. चौदावी जवळजवळ पांढरी.

पांढरा कागद नळीच्या पुढच्या तोंडासमोर धरला आणि मागून बघितलं. आत उजेडाची कडी दिसली, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारखी. ती कडी अखंड असली तर नळी सरळ. कुठे मोडलेली, चेपलेली दिसली तर पोचा किंवा फुगवटा असू शकतो. माझी कडी अखंड होती, पण काडतुसाच्या जागेपुढे बारीक काळे ठिपके दिसत होते. गंजाने खाल्लेले खड्डे.

खड्ड्यांवर घरी उपाय करायचा नाही. पॉलिश पेपर गजाला गुंडाळून नळी घासणारे महाभाग आहेत, त्यांच्या नळ्या चकचकीत आणि पातळ होतात. दुरुस्तीही फक्त परवाना असलेल्या कारागिराकडेच करायची, तसा कायदाच आहे. जूनअखेरीला मूळ परवाना सोबत घेऊन बंदूक दाखवायला नेली. कारागिराने नळी आणि बिजागरी तपासली, खड्डे वरवरचे आहेत म्हणाला, आतली एक दमलेली स्प्रिंग बदलली. १,६०० रुपये. तोवर एकही बार काढला नव्हता.

बाहेरच्या गंजाचं काम मात्र घरी झालं. तेल लावून रात्रभर ठेवायचं, मग फर्निचर पॉलिशवाल्यांकडे मिळते ती सर्वात बारीक, चार शून्यांची स्टीलवूल, तेलात भिजवून अगदी हलक्या हाताने लांबीच्या दिशेने. भांड्याची घासणी नाही! नळीवर निळसर काळा मुलामा असतो, तो गेला की गंजाला मोकळं रान. तीन संध्याकाळी लागल्या. दस्त्याची बुरशी कोरड्या फडक्याने पुसली, सावलीत वाळवला आणि जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळले. उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं.

आता तेलाची गंमत. आई म्हणाली, "खोबरेल लाव. बाबा तेच लावायचे." कोनाड्यात निळी पॅराशूटची बाटली होतीही. फौजीकाका पायरीवरून ओरडले, "खोबरेल नको गो!" खोबरेल थंडीत गोठतं, नंतर खवट आणि चिकट होतं, चाप-घोड्याच्या जागी साचून बसतं. बाटली उघडून वास घेतला तर आत शिलाई मशीनचं तेल. चाळीस वर्षं आईला वाटत होतं की हा माणूस बंदुकीला खोबरेल लावतो. त्याच दिवशी बाटलीवर पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि ती काडतुसांच्या पेटीशेजारी कुलपात गेली. पोरांच्या डोक्याला लागली असती एखाद्या सकाळी.

दुसरी चूक माझीच. मायेने भरपूर तेल लावलं आणि बंदूक तोंड वर करून कपाटात उभी केली. आठवड्याने बघते तर लोखंड आणि लाकूड जुळतात तिथे काळा ओघळ. तेल खाली उतरून दस्त्यात मुरत होतं. असं मुरलेलं लाकूड हळूहळू मऊ पडतं. तेलाचा थर फडक्याने पुसून राहील तेवढाच हवा, आणि नंतर एक दिवस तोंड खाली करून ठेवायची, खाली जुनं फडकं. आतल्या यंत्रणेत दोन थेंब, बस्स. बाजारात मिळणारे फवारे पाणी हाकलायला चांगले आहेत, पण पावसाळाभर टिकणारं तेल ते नव्हे.

कपाटात कापडी पिशवी किंवा चामड्याचं म्यान नको. बाबांचं म्यान छान आहे, पण ते दमटपणा धरून ठेवतं. ते न्यायला-आणायलाच. खाली सिलिका जेलच्या पुड्या, १८० रुपयांत दहा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. आमच्याकडे जुलैत ते सहा दिवसांत गुलाबी होतात. आणि हात लावला की पुसायची, दरवेळी. घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत गंजून वर येतात, मी पाहिलेत, पाचही बोटं. शेवटी साबणाने हात धुवायचे, छऱ्यांचं शिसं असतं, मगच चहा.

शेजारी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक आहे, त्यांचं गणित वेगळं. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत नळी खायला लागते. तिला बार काढल्या दिवशीच गरम साबणाच्या पाण्याने धुवून, पूर्ण कोरडी करून तेल लावायचं. अर्थात आधी नळीत ठासलेलं काही नाही ना, ते गज टाकून मोजून बघायचं, कारण ती मागून उघडत नाही.

किती दिवसांनी साफ करायची, याचं उत्तर मला भिंतीवर मिळालं. २०२४ चं कालनिर्णय आईने उतरवलं नव्हतं. त्यात महिन्याच्या अमावास्येला बाबांच्या अक्षरात 'बं' लिहिलेलं, जून ते ऑगस्ट मात्र दर रविवारी. आम्हाला वाटायचं बंड्या वायरमनला बोलवायचं असेल. मी तेच पाळते. पावसात दर रविवारी दहा मिनिटं, एरवी महिन्यातून एकदा. बार काढला तर त्याच संध्याकाळी.

बार आतापर्यंत तीन काढलेत. नवी काडतुसं खडकी कारखान्याची, वहीत नोंद ठेवते: किती घेतली, किती उडाली, रिकामी कवचं किती. पहिला ऑगस्टच्या १७ ला, पहाटे, आडसरं (कोवळे नारळ) फोडणाऱ्या केलड्यांवर. बंदूक उघडली, नळीतून आरपार बघितलं, समोरच्या फणसाचा गोल तुकडा दिसला. मग काडतूस. आकाशात बार. केलडी गेली, आणि आईची कोंबडी दोन दिवस अंडी द्यायची थांबली.

पुढची निवडणूक लागली की पुन्हा जमा करण्याची नोटीस येऊ शकते. या वेळी तयारी आहे. फोटो काढलेत, पावतीवर लिहून घ्यायची ओळ कागदावर तयार आहे. नळीच्या तोंडात बोळा कोंबायचा नाही, तो विसरला की तोच अडथळा. म्हणून आईने जुन्या लुगड्याच्या लाल काठाची टोपी शिवलीय, तोंडावरून बाहेरून बसणारी, रबराने पक्की, लांबूनही दिसेल अशी. फौजीकाका बघून म्हणाले, "ही काय, व्हकल (नवरी) केलास बंदुकीक?"